रोलमधला पहिला फोटो

"पोर झालं की लगीच पायात काळा दोरा बांधा, बाई. आनलाय ना घरनं?" दवाखान्यातली आया मनकर्णा म्हणाली होती.

"आम्ही दृष्टबिष्ट मानत नाही, मावशी," कृपा कळा सोसतानाही हसली. बी.ए. झालेली, रविवारी चर्चला जाणारी. ती कसला दोरा बांधते!

"दिष्टीचं कोन बोलतंय?" मनकर्णा म्हणाली. पण तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची मिरजगावची चांगुणा ओरडली आणि मनकर्णा तिकडे धावली.

त्याला आता आठ महिने झाले. शमू रांगायला लागला, तरी त्याचा जन्मल्या दिवसाचा फोटो अजून कॅमेऱ्यातच.

फोटो विल्सननं काढला होता. कृपाचा हा नवरा कोल्हारच्या शाळेत मास्तर. बाळ तासाभराचं असताना त्यानं मनकर्णाला ते खिडकीच्या उजेडात धरायला लावलं आणि खटका दाबला. कृपा तेव्हा गुंगीत होती. तिनं बाळ नीट पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, मनकर्णानं चांगुणाच्या बाळाबरोबर न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून कुशीत दिल्यावर. म्हणून तो पहिला चेहरा तिला बघायचाच होता.

पण रोल बारा फोटोंचा. उरलेले अकरा विल्सननं कोतवालासाठी राखून ठेवले होते.

कोतवाल म्हणजे काळंकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचं पाखरू. रोज सकाळी नदीकाठच्या बाभळीवर यायचं. विल्सननं कॅमेरा उचलला की उडायचं.

"अहो, दाबा ना एकदाचं!"

"उजेड तिरका नाही. नुसता काळा ठिपका येईल."

"मग येऊ दे! माझ्या पोराचा फोटो पाखरासाठी किती दिवस अडवणार?"

विल्सननं बोट ओठांवर ठेवलं. कृपानं एका हातानं शमूच्या तोंडातला खडा काढला, दुसऱ्या हातानं त्याला पाण्याकडून मागे ओढलं.

कोतवाल बाभळीवरून उडाला तो थेट रंगनाथच्या म्हशीच्या पाठीवर.

"मास्तर, म्हशीचाच फोटू काढा की," रंगनाथ लांबून ओरडला. "ती हलत तरी न्हाई!"

"काळ्यावर काळं दिसतं का, रंगनाथ?"

"मंग म्हस पांढरी रंगवू काय?"

महिनाभरात सात फोटो झाले. कधी धूळ, कधी ढग, कधी कोतवालाची पाठच फिरलेली. एका सकाळी विल्सन दिसेनाशा झालेल्या पाखरामागे मान वळवत होता, तेव्हा कृपानं त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला. बाभूळ, म्हैस, रंगनाथ, पुन्हा म्हैस. चार वेळा खटका.

"झाला रोल. आज नगरला पाठवा."



फोटो आले. सातही कोतवाल शाईच्या थेंबासारखे. विल्सननं ते पत्त्यांसारखे ओट्यावर टाकले आणि डोकं धरून बसला. कृपानं त्यातून आपल्याला हवा तो उचलला.

मुठी आवळलेलं, कपाळावर आठ्या घातलेलं बाळ. सगळ्या रोलमध्ये तेवढाच फोटो लख्ख आला होता. तिला एकदम हसू आलं. मग तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

"अहो, याच्या डाव्या कानापुढे काय आहे? ज्वारीच्या दाण्याएवढं."

"धुताना डाग पडतात. माझ्या कोतवालांचं काय झालंय बघ ना."

कृपानं पदरानं डाग पुसला. तो गेला नाही. तिनं विल्सनचं पिसं बघायचं भिंग त्यावर धरलं. दाणा गालापासून वर उचललेला होता. त्याच्या बाजूला त्याची बारीकशी सावली पडली होती.

शमू रांगत आला आणि तिच्या मांडीला धरून उभा राहिला. कृपानं त्याची मान वळवली, डाव्या कानावरचं जावळ बाजूला केलं आणि बोट फिरवलं. कानापुढे काहीच नव्हतं. तिनं उजवा कानही पाहिला.

मिरजगावाकडे कुणी जात असाल, तर चांगुणाचं घर विचारा. तिला काही बोलू नका. तिचा पोरगा ओसरीवर खेळत असेल, डाव्या कानापुढे ज्वारीएवढा दाणा असलेला. नुसतं बघून या, तो नीट आहे ना, आणि मला कळवा. शमू माझा पदर सोडत नाही.