गुलामांची सुटका

वेल्समधली आमची दगडखाण बंद पडली आणि वर्षभरात तिथेच टीव्हीवरच्या एका अंतराळमालिकेचं शूटिंग आलं. परग्रहावरच्या खाणीत राबणारे गुलाम म्हणून त्यांनी आम्हा बेकार कामगारांनाच घेतलं.

याच खाणीत तीस वर्षं दगड फोडलेल्या एमरिसला दिग्दर्शक म्हणाला, "काका, घण असा नसतो हो धरत. जरा खरं वाटू द्या!"

एमरिसने मुकाट्याने घण चुकीचा धरला. दिग्दर्शक खूश.

चौथ्या दिवशी आमच्या कामाचा शेवटचा प्रसंग. नायक आमच्या साखळ्या तोडून ओरडणार, "तुम्ही मुक्त आहात!" आणि आम्ही जल्लोष करायचा. तीन टेक झाले, जल्लोष काही जमेना.

 

एमरिस हळूच दिग्दर्शकाला म्हणाला, "साहेब, ही सुटका पुढच्या सीझनवर नाही का ढकलता येणार?"