गतिरोधकाची फी

"जिथं कुणी गाडीखाली दगावलं असेल, तिथला गतिरोधक मोफत!" नगराध्यक्ष रविराजभाऊंनी मोठ्या मनानं जाहीर केलं आणि नगरपंचायतीच्या सभागृहात बाकं वाजली.

पंकजाचा कानांवर विश्वास बसेना. ती अंगणवाडीची सेविका. टोल चुकवायला शिर्डीच्या गाड्या हल्ली तिच्या अंगणवाडीवरून सुसाट सुटायच्या, म्हणून दारात एक गतिरोधक द्या, एवढाच तिचा अर्ज. तो आज सभेपुढे होता. पण आजच रस्त्यावरच्या कामांचे नवे दरही ठरत होते. लग्नाचा मांडव टाकायला एवढे, नळासाठी रस्ता खोदायला तेवढे. गतिरोधकाला बारा हजार, आणि ते मागणाऱ्यानं भरायचे.

"अध्यक्षसाहेब, अंगणवाडीनं बारा हजार आणायचे कुठून?" तिनं उभं राहून विचारलं.

रविराजभाऊ मनानं वाईट नव्हते. कुणाच्या घरी दुःख झालं की पहिले हजर. त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याच्या कानात काहीतरी विचारलं आणि मग अगदी आपुलकीनं पंकजाकडे वळले.

"ताई, तुमच्या तिथं अजून कुणी गेलं नाही ना?"

"नाही."

"मग माफीत कसं बसवायचं सांगा? नियम सगळ्यांना सारखा." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "एखादं जरी..." म्हणता म्हणता ते थांबले आणि पाण्याचा ग्लास उचलला.

कुणी हसलं नाही, कुणी चिडलंही नाही. चहा आला, लोकांनी घेतला. अंगणवाडीतली पोरं एकेक करून पंकजाच्या डोळ्यांपुढे यायला लागली, तशी ती भलतीच घाबरली. आपण त्यातलं एखादं निवडतोय की काय, असं तिला वाटलं.

"पहिली माफी आपल्या बन्सीकाकांना," रविराजभाऊ पुढे म्हणाले. "त्यांच्या दारात उद्याच काम सुरू!"

मागच्या खुर्चीवरून बन्सी उठला. गेल्या ऊस हंगामात त्याची नात पूजा घरासमोरच उसाच्या ट्रॅक्टरखाली गेली होती. दहाव्याला पंकजाही जाऊन आली होती. म्हातारा आता चार शब्दांत आभार मानणार, म्हणून दोन-तीन नगरसेवकांनी टाळ्यांसाठी हातातले कप खाली ठेवले.

बन्सी टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सायेब, मला माफी नको. सगळ्यास्नी सारखी फी लावा. मी भरतो."

"अहो काका, तुम्हाला एक रुपया लागत नाही," रविराजभाऊ समजुतीनं म्हणाले. "तुमच्यासाठीच तर केला हा ठराव."

"व्हय, कळलं मला. पर बारा हजार म्हना, लाख म्हना, आमी शेत इकून भरू." बन्सीचा आवाज चढला नाही. "फकस्त पावतीवर पूजा जायच्या आदल्या दिवसाची तारीख टाका."