बाबांची पत्रं

डेल्फीनने वडिलांना कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्याबद्दल विचारलं की आई म्हणायची, "त्यांची सगळी पत्रं पुरात गेली गं. आता कशाला ते उकरून काढतेस?" मग डेल्फीनने विचारणंच सोडलं. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला भरवलं-पुसलं ते डेल्फीननेच.

आई गेल्यावर केंटकीतल्या एका कॉलेजच्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहाच्या ऑनलाइन यादीत तिला अचानक आईचं नाव दिसलं. 'पती एमेट यांची पत्रे, एक पेटी. देणगीदार : लुएला प्रुइट.'

म्हणजे पुरात काहीच गेलं नव्हतं! दुसऱ्याच दिवशी ती गाडी काढून तिथे पोहोचली.

"मी लुएलाची मुलगी," ओळखपत्र पुढे करत ती म्हणाली. "एकुलती एक. निदान आता तरी वाचू द्या मला."

ग्रंथपाल बाईंनी पेटीसोबतचा करार काढून वाचला. मग त्या मान वर करेनात.

"काय लिहिलंय आईने?" डेल्फीनने विचारलं.



"ही पत्रं कुणीही वाचावीत, असं लिहिलंय मॅडम. फक्त तुमच्या मृत्यूनंतर."