धाकट्यासाठी निरोप

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. आता एका दमात सांगून टाकतो.

घडीमास्तरांच्या घरी निघालो होतो आम्ही तिघं. मी, व्हॅन चालवणारा भोंगा आणि इस्त्रीवाली. पिशवीत मास्तरांचा चष्मा, कप आणि ॲप्रन. मास्तर परवा झोपेतच गेले. काल लाँड्रीला सुट्टी, शेजाऱ्याचा फोन कुणी उचललाच नाही. आज सकाळी कळलं तोवर सगळं उरकलं होतं.

"घरचीला काय सांगायचं?" भोंगा सारखा विचारत होता.

"तू काही सांगू नकोस," इस्त्रीवाली म्हणाली. "तू तोंड उघडलंस की भांडण होतं."

आमच्या लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरी येतात. ढिगानं. त्यांची घडी एकट्यानं होत नाही, जोडी लागते. दोन टोकं एकानं धरायची, दोन दुसऱ्यानं. झटकायची, ताणायची, मग चालत एकमेकांजवळ यायचं आणि टोकं हातात द्यायची. पुन्हा मागं. मास्तरांचा जोडीदार मी. त्यांची गोष्ट सांगायची रीतही तीच. जवळ आले की एक वाक्य. मग मागं. पुढच्या वाक्यासाठी पुढची घडी. चादर गठ्ठ्यावर पडली की हसू.

गोष्टी सगळ्या घरच्या. "काल थोरला दूधवाल्याशी भांडला." मागं गेले. मी ताटकळत. पुन्हा जवळ आले. "आणि संध्याकाळी त्याचीच सायकल दुरुस्त करत बसला! आता बोला!"

मुलीचं तर विचारू नका. रडायची वेळ आली की हिला हसू फुटतं म्हणे. "सासरी पाठवताना काय होईल रे हिचं? खिदळतच जाईल!"

आणि धाकटा. शाळा अर्ध्यात सुटलेली, पण छापलेलं दिसलं की सुटका नाही. वाण्याच्या पुडीचा कागद सरळ करून वाचायचा. "वाचतो आणि डाळ राहते दुकानात!"

डबा उघडला की आधी मलाच घास. मी तोंड वाकडं केलं की म्हणायचे, "घरचीला मिठाचा अंदाज नाही. प्रेमाचं आहे, मुकाट खा."

साठी उलटलेली, पण गठ्ठा उचलायला कुणाला बोलवायचे नाहीत. घरी मात्र कधी नेलं नाही. "जागा लहान आहे रे," एवढंच.

खरं सांगू? मला त्या धाकट्याचा हेवा वाटायचा. मी मावशीकडे वाढलो. माझी कुणी अशी गोष्ट करून सांगितली नाही.

शेवटच्या दिवशी शेवटची चादर होती. मास्तर जवळ आले आणि टोकं हातात देईनात.

"धाकट्याला एक निरोप दे."

"मी? तुम्ही बाप ना!"

"बापाचं कोण ऐकतं? तू त्याच्या वयाचा. म्हणावं, वाचणं पुष्कळ झालं, आता लिही. त्याच्यात आहे ते. मी तोंडावर कधी बोललो नाही, चढून जाईल म्हणून."

"देतो," म्हटलं. मग त्यांनी टोकं सोडली.

तर तो निरोप घेऊन निघालो होतो. वाटेत मनात घोकत होतो. धाकटा रडला तर? चिडला तर?

फाटकाशीच खोळंबा झाला. व्हॅन लावण्यावरून भोंगा वॉचमनवर असा तापला की वरच्या खिडक्या उघडल्या. मग फाटक अडकतंय दिसल्यावर पाना आणून त्याची बिजागरीच बसवून दिली. तोवर मी जिन्याशी लावलेली पाण्याच्या वेळांची पाटी वाचत होतो.

"चल ना! परीक्षा आहे का तुझी?" इस्त्रीवालीनं दंडाला धरून ओढलं. दुसऱ्या मजल्यावर तिला मास्तरांची कसलीशी आठवण झाली आणि ती खुदकन हसली. मग ओढणी तोंडाशी घेऊन हसतच राहिली. डोळ्यांतून पाणी.

"गप," भोंगा म्हणाला, "घरचे ऐकतील."

चौथ्या मजल्यावर दाराला कुलूप. शेजारचे म्हातारे गृहस्थ किल्ली घेऊन कठड्याशीच उभे होते.

"घरातले कुठं गेले?" मी विचारलं.

त्यांनी कुलूप काढलं.

एक खोली. एक खाट. पालथं घातलेलं एक ताट. भिंतीवर एका बाईचा जुना, पिवळा पडलेला फोटो.

"ती जाऊन वीस वर्षं झाली," शेजारी म्हणाले. "स्वतःच रांधायचे. मीठ कधी जमलं नाही."

"आणि मुलं?" मी विचारलं. "मला धाकट्याला भेटायचंय. निरोप आहे."

शेजाऱ्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. भोंग्याच्या ग्रीस लागलेल्या हातांकडे. ओढणी अजून तोंडाशी धरलेल्या इस्त्रीवालीकडे. मग खाटेच्या उशाकडे बोट केलं. तिथं चौकटीत दुसरा फोटो होता, काच लख्ख पुसलेली. लाँड्रीच्या दारात व्हॅनला टेकून आम्ही तिघं, उन्हानं डोळे बारीक केलेले.

"खाली भांडण ऐकलं तेव्हाच म्हटलं, थोरला आला," ते म्हणाले. "मग जिन्यात ही हसली. आणि तू, बाळा, पाटी वाचल्याशिवाय वर येणार नाहीस, हे मला ठाऊक होतं."

इस्त्रीवाली पहिल्यांदा रडली, नीट, न हसता. भोंग्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, चष्मा काढून त्या चौकटीपुढं ठेवला.

"निरोप काय होता?" त्यानं विचारलं.

मी सांगितला.

"मग? लिहिणार ना?"

"लिहितो, दादा."