उजवा दिवा

चार वर्षं त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं.

गाडी चालवण्याच्या प्रांतोप्रांतीच्या वाईट खोडींवर मी एक गमतीचा लेख लिहिला होता. ‘पुढच्या ट्रकचा उजवा दिवा लुकलुकला, तर कोकणात थांबावं, वऱ्हाडात खुशाल पुढे जावं,’ असं त्यात होतं. त्यावर देवरुखच्या एका बाईंनी विचारलं होतं: “ह्यांनी तुमचा लेख हसत वाचून दाखवला होता. वऱ्हाडात ट्रकचा उजवा दिवा लुकलुकला, हे पुढे गेले, समोरून बस आली. हे जागीच गेले. सगळे म्हणतात, बेफाम चालवत होते. आमची मुलगीसुद्धा. तुम्ही खात्री करून लिहिलं होतं ना?”

“त्या मुलीला अजून किती वर्षं बापाचा राग करू देणार?” काल बायको म्हणाली.

“काय लिहू गं?”

“खरं ते. सायकलसुद्धा येत नाही तुम्हाला.”

आज लिहिलं: ‘ताई, मला गाडी चालवता येत नाही. ते एसटीत शेजारच्याकडून ऐकलं होतं. तुमच्या यजमानांनी छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच. मुलीला हे पत्र दाखवा.’

पाकीट पेटीत पडल्याचा आवाज आला, तरी हात तिथेच होता.