शिरेतला पीळ

ब्राझीलमधल्या रेसिफेच्या मासळीबाजारात मासे विकणाऱ्या दोना जांदिराबाईंच्या मेंदूतली धमनी फुगून फुटायला आली होती. ती बांधून बंद करण्याआधी डॉक्टर ओतासिलिओंनी त्यांच्याच पायातली शीर काढून गळ्यापासून मेंदूपर्यंत रक्ताला नवी वाट केली. रक्त सोडलं तरी शीर भरेना. "अडलंय ते मेंदूकडेच. तिकडचे टाके उसवतो," ते पुटपुटले. म्हणजे तिथलं रक्त पुन्हा अडवायचं. बाईंना ते सोसलं नसतं. मी डॉक्टरांची नर्स. सोळा वर्षांत त्यांना कधी टोकलं नव्हतं. "डॉक्टर, शिरेला पीळ पडलाय. काढताना तिच्यावर सरळ ओढलेली शाईची रेघ गळ्याशी मागे वळलीय." "खात्री आहे, दाल्वा?" "नाही. पण गळ्याकडचे टाके सोडवले तर मेंदूचं रक्त थांबत नाही." त्यांनी टाके सोडवले, पीळ काढला, पुन्हा शिवलं. शीर भरली, उडू लागली. दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात जोर आहे का बघायला त्यांनी आपला हात पुढे केला. "दाबा." बाईंनी घट्ट दाबला. "डॉक्टर, तुमचाच हात थरथरतोय."