शेवटची पाच मिनिटं

लहानपणी कार्टून संपायला पाच मिनिटं उरली की नेमकी तिची शिकवणीची वेळ व्हायची. परत आल्यावर, रात्रपाळीला निघालेले बाबा बुटांच्या नाड्या बांधता बांधता तिला शेवट सांगायचे. बदकामागे धावणारा कोल्हा कधी वाट चुकून सर्कशीत शिरायचा, तर कधी पडसं झालं म्हणून बदकाकडेच औषध मागायचा.

बाबांना जाऊन महिना झाला होता. दिवसभर त्यांचं कपाट आवरून ती थकून बसली, तेव्हा फोनवर तेच जुने भाग सापडले. ती एकामागून एक बघत गेली. दर वेळी कोल्हा शेवटी धपकन तळ्यात पडत होता. सर्कस कुठेच नव्हती.

"आई, बाबा हेच कार्टून बघायचे ना गं?"

आई त्यांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"ते कुठले बघतायत? तू गेलीस की टीव्ही बंद करून घोरत पडायचे. तू यायच्या वेळेला मी उठवलं, की डोळे चोळत मलाच विचारायचे, 'अगं, आज त्या कोल्ह्याला कुठे धाडू?'"